विश्लेषण : जनावरांच्या साथीचे निदान होते कसे? पशुवैद्यक विद्यापीठांतील संशोधन आणि प्रशिक्षण का महत्त्वाचे?

लम्पी त्वचारोगाने २०२२ मध्ये देशभरात दीड लाखाहून अधिक गोवंश दगावला. नागपूरच्या गोरेवाडा येथे दगावलेले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूचे बळी असल्याचे जानेवारी २०२५ मध्ये निष्पन्न झाले. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले आणि त्यामागेही बर्ड फ्लूच निघाला. अशा प्रत्येक वेळी ‘लस कधी येणार’ आणि ‘अहवाल कधी येणार’ हे दोन प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे बऱ्याच अंशी पशुवैद्यक महाविद्यालयांत रोज चालणाऱ्या कामावर अवलंबून असतात. हे काम नेमके काय असते, याचा आढावा.

जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा अभ्यास कोणता विभाग करतो?

भारतातील बहुतेक पशुवैद्यक महाविद्यालयांत ‘संसर्गजन्य रोग विभाग’ अशी एकच पाटी दिसत नाही. हे काम चार-पाच विभागांत वाटलेले असते. सूक्ष्मजीवशास्त्र विभाग जिवाणू आणि विषाणू ओळखतो. विकृतीशास्त्र विभाग शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण शोधतो. परजीवीशास्त्र विभाग गोचीड, जंत आणि रक्तातील परजीवी तपासतो. औषधवैद्यक विभाग आजारी जनावरावर उपचार करतो. सार्वजनिक आरोग्य व साथरोगशास्त्र विभाग रोग कुठून आला, कसा पसरला आणि माणसाला त्याचा धोका किती, हे पाहतो.

महाराष्ट्रात ही जबाबदारी प्रामुख्याने नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे, म्हणजे ‘माफसू’कडे आहे. हे विद्यापीठ २००० मध्ये स्थापन झाले. मात्र त्याच्या अखत्यारीतील काही महाविद्यालये त्याहून बरीच जुनी आहेत. परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून सुरू आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. अकोल्यात पदव्युत्तर संस्था आहे. गोरेवाड्यातील वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्रही याच विद्यापीठाशी जोडलेले आहे. विसाव्या पशुगणनेनुसार (२०१९) राज्यात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन असून त्यात गोवंश सुमारे १ कोटी ४० लाख आहे. म्हणजे या मोजक्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या पशुवैद्यकांवर किती मोठा भार आहे, हे लक्षात यावे.

निदानाची खरी सुरुवात कुठे होते?

ती प्रयोगशाळेत होत नाही, गोठ्यात होते. नमुना चुकीचा घेतला, उशिरा घेतला किंवा चुकीच्या पद्धतीने पाठवला, तर सर्वांत महागडे यंत्रही त्यातून उत्तर काढू शकत नाही. त्यामुळे पशुवैद्यक शिक्षणात नमुना घेण्याला मोठे महत्त्व आहे.

याचे साधे उदाहरण म्हणजे फॉर्मेलिन. शवविच्छेदनानंतर अवयवाचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवला की तो कुजत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींतील बदल पाहता येतात. पण फॉर्मेलिनमध्ये विषाणू आणि जिवाणू मरतात. त्यामुळे त्याच तुकड्यातून विषाणू वाढवून पाहणे शक्य होत नाही. म्हणून एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा बर्फावर, असे दोन नमुने घ्यावे लागतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूची रेबीजसाठी तपासणी करायची असेल, तर तो ताजा आणि थंड अवस्थेतच प्रयोगशाळेत पोहोचायला हवा.

दुसरी चूक त्याहून सर्रास होते. जनावर आजारी पडले की आधी प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले जाते आणि दोन दिवसांनी गुण आला नाही की नमुना पाठवला जातो. तोवर औषधाने जिवाणूंची वाढ रोखलेली असते आणि अहवालात ‘जिवाणू आढळले नाहीत’ असे येते. रोग मात्र कायम असतो. आधी नमुना, मग औषध, हा क्रम त्यासाठीच शिकवला जातो.

शवविच्छेदन नेहमीच करायचे असते का?

नाही. ते केव्हा करायचे नाही, हे कळणे हाही प्रशिक्षणाचा भाग आहे. धडधाकट जनावर अचानक मेले, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त आले आणि पोट झपाट्याने फुगले, तर फाशी म्हणजेच अँथ्रॅक्सचा संशय घ्यावा लागतो. काही भागांत या रोगाला काळपुळी म्हणतात. अशा जनावराचे शरीर उघडले की त्यातील जिवाणूंचा हवेशी संपर्क येतो आणि ते बीजाणूंचे रूप घेतात. हे बीजाणू मातीत अनेक दशके टिकतात. म्हणजे एका चुकीच्या शवविच्छेदनाने एखादे गायरान पुढच्या पिढीतील जनावरांसाठीही धोक्याचे होऊ शकते.

त्यामुळे इथे शरीर न उघडता कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घेऊन काचपट्टीवर पातळ लेप केला जातो. विशिष्ट निळ्या रंगद्रव्याने तो रंगवला की निळ्या दांड्यांसारखे जिवाणू आणि त्यांच्याभोवती गुलाबी आवरण दिसते. या तपासणीला खर्च नगण्य आहे आणि वेळही फार लागत नाही. मात्र लेप नीट घेणारा हात आणि तो वाचणारी नजर, दोन्ही तयार असावे लागतात. हे पुस्तकातून येत नाही, काचपट्ट्या पाहून पाहूनच येते.

विद्यार्थ्यांना हे सारे कसे शिकवले जाते?

पशुवैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यातील साडेचार वर्षे अध्यापन आणि एक वर्ष आंतरवासिता असते. प्रवेशासाठी ‘नीट’ परीक्षा द्यावी लागते. विद्यार्थी आधी सूक्ष्मजीव वाढवणे, रंगवणे, ओळखणे शिकतात. पुढे शवविच्छेदनगृहात आणि महाविद्यालयाच्या रुग्णालयात काम करतात. आंतरवासितेत दवाखाने, पशुधन प्रक्षेत्रे आणि गावपातळीवरील लसीकरणाचा अनुभव मिळतो. लम्पीच्या साथीत आंतरवासिता करणारे विद्यार्थीही लसीकरणासाठी गावोगावी गेले होते.

या शिक्षणात स्वतःच्या सुरक्षेचा भाग मोठा आहे. गाय गाभडली की अडकलेला वार हाताने काढणे हे पशुवैद्यकाचे नेहमीचे काम. पण गर्भपातामागे ब्रुसेलोसिस असेल, तर त्या वारेत आणि स्रावात जिवाणूंची प्रचंड संख्या असते. हातमोजे नसतील तर तोच जिवाणू पशुवैद्यकाच्या शरीरात शिरतो. वारंवार येणारा ताप, सांधेदुखी, प्रचंड थकवा अशी लक्षणे मग महिनोन्महिने पिच्छा सोडत नाहीत. या रोगाची वासरांना दिली जाणारी ‘एस-१९’ लसही जिवंत जिवाणूंची असते. सुई चुकून स्वतःला टोचली किंवा डोळ्यात थेंब उडाला, तरी टोचणाऱ्याला संसर्ग होऊ शकतो. म्हणून हातमोजे आणि चष्मा यांची सवय विद्यार्थिदशेतच लागावी लागते. कुत्री-मांजरे हाताळणाऱ्यांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेणे अपेक्षित असते.

पदवीनंतर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि त्यापुढे पीएच.डी. असते. संशोधनाचे बरेचसे प्रत्यक्ष काम हेच विद्यार्थी करतात. एखाद्या तालुक्यातील शेळ्यांमध्ये ब्रुसेलोसिस किती, कासदाहाच्या दुधात कोणते जिवाणू, गोचिडांमध्ये कोणते रोगकारक, असे त्यांचे विषय असतात. मोठ्या बातम्यांत अशा प्रबंधांचा उल्लेख येत नाही. पण आपल्या भागात कोणता रोग नेहमी असतो, हे माहीत नसेल तर नवा रोग आला आहे हेही लक्षात येत नाही.

एका नमुन्यापासून लस कशी तयार होते?

लम्पीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. हा रोग १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात प्रथम नोंदवला गेला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आढळला. त्याच वर्षी रांची येथील बाधित गाईंच्या नमुन्यांतून हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला. हे केंद्र मुळात घोड्यांवरील संशोधनासाठी असले, तरी तिथे विषाणू जतन करणे आणि वाढवणे यासाठीची तयारी आधीपासून होती.

पुढचे काम चिकाटीचे होते. हा विषाणू प्रयोगशाळेतील पेशींवर वाढवायचा, त्यातून निघालेला विषाणू पुन्हा नव्या पेशींवर सोडायचा, असे तब्बल ५० वेळा करण्यात आले. प्रत्येक फेरीत विषाणू त्या पेशींना सरावत जातो आणि गाईला आजारी पाडण्याची त्याची ताकद कमी होत जाते. प्रतिकारशक्तीला मात्र तो ओळखता येतो. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने त्याच्या चाचण्या झाल्या. १० ऑगस्ट २०२२ रोजी ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ या नावाने ही लस जाहीर झाली. इज्जतनगरची ही संस्था अभिमत विद्यापीठही आहे. म्हणजे तेथे संशोधन आणि पदव्युत्तर शिक्षण एकाच छताखाली चालते.

मग २०२२ च्या साथीत ही लस का दिली गेली नाही?

लस शोधणे आणि लाखो मात्रा तयार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पीची बाधित जनावरे आढळली आणि काही आठवड्यांत रोग राज्यभर पसरला. त्या वेळी नव्या लसीचे व्यापारी उत्पादन सुरू झालेले नव्हते. त्यामुळे शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना देण्यात आली. शेळ्यांच्या देवीचा आणि लम्पीचा विषाणू एकाच कुळातील असल्याने तिच्यातून काही प्रमाणात संरक्षण मिळते. हे ज्ञान हाताशी होते म्हणून राज्याला रिकाम्या हाताने थांबावे लागले नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये नव्या लसीचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार झाला. याच रांचीच्या विषाणूवर आधारलेल्या, एका खासगी कंपनीच्या ‘बायोलम्पीव्हॅक्सिन’ या लसीला उत्पादन परवाना मिळाला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये. विषाणू हाती लागल्यापासून लस जाहीर होण्यास तीन वर्षांहून कमी काळ लागला. तिथून परवान्यापर्यंत आणखी अडीच वर्षे गेली. पशुपालकांच्या दृष्टीने हा दुसरा टप्पाच जास्त महाग ठरला. राज्य सरकारने दगावलेल्या दुधाळ जनावरासाठी ३० हजार, ओढकाम करणाऱ्या जनावरासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत दिली. चांगल्या दुभत्या गाईची बाजारातील किंमत याच्या दुपटीहून अधिक असू शकते.

अशा कामाला यश येते, याचा पुरावा काय?

बुळकांडी. एकेकाळी या रोगाने गावेच्या गावे जनावरांविना केली होती. या रोगासह जनावरांच्या साथींवर संशोधनासाठी १८८९ मध्ये ‘इम्पीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली ती पुण्यात. काही वर्षांतच ती आजच्या उत्तराखंडमधील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. इज्जतनगरची संस्था म्हणजे तिचेच आजचे रूप. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा सोडून सौम्य केला आणि त्यापासून लस तयार झाली. रांचीच्या विषाणूबाबत पेशींवर जे केले गेले, त्यामागचे तत्त्व हेच.

पण केवळ लसीने बुळकांडी गेली नाही. गावोगावी लसीकरण, संशयित जनावराची लगेच तपासणी आणि रोग थांबल्यावरही वर्षानुवर्षे पाळत, या साऱ्यांतून ते साध्य झाले. भारतात या रोगाचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये नोंदवला गेला आणि २०११ मध्ये तो जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. माणसातील देवीनंतर पूर्णपणे नष्ट झालेला हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा रोग आहे.

माणसाच्या आरोग्याशी याचा संबंध काय?

माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के रोगांचे मूळ प्राण्यांमध्ये आहे. लम्पी माणसाला होत नाही. पण रेबीज, ब्रुसेलोसिस, अँथ्रॅक्स, लेप्टोस्पायरोसिस होतात. क्यासनूर वनज्वर म्हणजे माकडताप कर्नाटकात १९५७ मध्ये ओळखला गेला. अलीकडे, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात तो आढळला. गोचिडीमार्फत पसरणाऱ्या या रोगाची पहिली खूण अनेकदा जंगलात मरून पडलेले माकड असते. ते माकड कोणी तपासले नाही, तर रोग कळतो तो माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर.

बर्ड फ्लूचेही तसेच. देशात तो प्रथम २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन पट्ट्यात आढळला. तेव्हा तो कोंबड्यांचा रोग मानला जात होता. गोरेवाड्यातील वाघांनी तो सस्तन प्राण्यांपर्यंत पोहोचतो हे राज्यालाही दाखवून दिले. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहण्याच्या ‘वन हेल्थ’ कल्पनेमागे हाच विचार आहे. नागपूर येथे राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली.

प्रतिजैविकांच्या प्रश्नात या विभागांची भूमिका काय?

कासदाह म्हणजे दगडी झालेल्या गाईला कोणते औषध लागू पडेल, हे अंदाजाने ठरवले जाते तेव्हा औषध बदलत बदलत खर्च वाढतो आणि सड निकामी होण्याची भीती असते. प्रयोगशाळेत त्या दुधातील जिवाणू ताटलीत वाढवून त्यावर वेगवेगळ्या प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवल्या जातात. ज्या चकतीभोवती जिवाणू वाढत नाहीत ते औषध उपयोगी. साधारण दोन ते तीन दिवसांत हे समजते. या तपासणीतून एका गाईचा उपचार ठरतो, पण शेकडो अहवाल एकत्र पाहिले की कोणत्या भागात कोणते औषध निकामी होत चालले आहे हेही दिसते. माणसांसाठी अखेरचा पर्याय मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या पशुखाद्यातील वापरावर केंद्राने २०१९ मध्ये बंदी घातली. अशा निर्णयांना आधार लागतो तो याच प्रकारच्या माहितीचा.

सर्व तपासण्या महाविद्यालयातच का होत नाहीत?

सुरक्षेमुळे. बर्ड फ्लूसारखा विषाणू हाताळायचा तर हवा बाहेर जाऊ न देणारी, सांडपाणी निर्जंतुक करणारी प्रयोगशाळा लागते. त्यामुळे असे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवले जातात. राज्यात पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभाग पशुसंवर्धन खात्यासाठी निदानाचे काम करतो. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा या साखळीतील जवळचा दुवा आहेत. नमुना भोपाळला जाऊन अहवाल येण्यात काही दिवस जातात. तोवर कोणता संशय धरून जनावरे वेगळी करायची, बाजार थांबवायचा की नाही, हा सल्ला देणारे तज्ज्ञ जवळच हवेत.

अडचणी कोणत्या?

सर्वांत मोठी अडचण माणसांची. पाच हजार पशुधन एककांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने केली होती. देश अजून त्यापासून दूर आहे. अध्यापकांची रिक्त पदे ही पशुवैद्यक शिक्षणाची जुनी दुखरी बाजू आहे. सूक्ष्मजीवशास्त्राचा एक अध्यापक कमी असला की एका वर्गाचे तास कमी होतात, शिवाय जिल्ह्यातून येणारे नमुने तपासणारा माणूसही कमी होतो. दुसरी अडचण निधीची. संशोधन प्रकल्प तीन वर्षांचा असतो. तो संपला की प्रशिक्षित मनुष्यबळ जाते, यंत्र मात्र धूळ खात राहते. रोगावरील पाळत ही कायम चालणारी गोष्ट आहे, तिला प्रकल्पाची मुदत चालत नाही. तिसरी अडचण समन्वयाची. विद्यापीठ, पशुसंवर्धन खाते, आरोग्य विभाग आणि वन विभाग यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या जातात. एकाच तालुक्यात गाई गाभडत असतील आणि माणसांना दीर्घकाळ ताप येत असेल, तर या दोन नोंदी एका टेबलावर यायला हव्यात.

पशुपालकांनी काय करावे?

साथीच्या रोगाचा संशय आल्यास कळवणे हे जनावरांतील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २००९ नुसार पशुपालकाचे कर्तव्य आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवता येते. आजारी जनावर वेगळे बांधावे, बाजारात नेऊ नये. अचानक मेलेल्या जनावराचे कातडे काढू नये, ते ओढ्यात किंवा उघड्यावर टाकू नये. गाभडलेल्या गाई-म्हशीचा वार उघड्या हाताने उचलू नये आणि दूध उकळूनच प्यावे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस एकदाच द्यावी लागते. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस आणि लाळ्या-खुरकूत रोगाची लस मोफत आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पशुवैद्यकाने ‘आधी नमुना घेऊ’ असे सांगितले, तर तो वेळकाढूपणा समजू नये. रांचीतील गाईंचे नमुने वेळीच आणि नीट घेतले गेले नसते, तर लम्पीची देशी लस तेवढ्या लवकर तयार झाली नसती.